कोड न चिकटवता सांगा: तुमच्या वहीतले तुकडे

खराडीची_वही | शनिवार, रात्री १०:४०

माझ्याकडे एक वही आहे. अप्पा बळवंत चौकातून आणलेली, दोनशे पानी, पुठ्ठा आता चिकटपट्टीवर टिकून आहे. एखादी कमांड दुसऱ्यांदा शोधावी लागली की ती वहीत जाते, असा चौदा वर्षांचा शिरस्ता. टीममधली पोरं हसतात, पण अडलं की तीच 'ताई, वहीत बघता का जरा' म्हणत येतात.

मागच्या महिन्यात या वहीनेच तोंडघशी पाडलं.

आमचा एक ज्युनिअर चाकणला एका कारखान्यात गेला होता. तिथे मोबाईल गेटवरच जमा होतो आणि सर्व्हरला इंटरनेट नाही. डिस्क भरली म्हणून त्याने तिथल्या लँडलाइनवरून फोन केला. उपाय वहीत होता: 'फाइंड' या फाइली शोधणाऱ्या कमांडने 'टीएमपी' शेपटीच्या तात्पुरत्या फाइली शोधून उडवायच्या. पण मी रिक्षात, वाघोलीच्या गर्दीत अडकलेली, आणि वही घरी. आठवणीतून सांगितलं: फाइंड, मग फोल्डरचा पत्ता, मग डिलीट, आणि हां, नावाची अट टीएमपी.

त्याने ऐकलं त्याच क्रमाने टाइप केलं.

फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं. नावाची अट आधी असेल तर अटीत बसलेल्या फाइलीच डिलीटपर्यंत पोचतात. डिलीट आधी आलं तर अट तपासायची वेळ येईपर्यंत फाइल गेलेली असते. अख्खं फोल्डर साफ झालं. रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, पण अर्ध्या दिवसाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. पोरगा रडकुंडीला आला होता आणि चूक त्याची नव्हती.

घरी येऊन वही उघडली. कमांड अगदी बरोबर उतरवलेली. क्रम तसाच का हवा, याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा कुठेतरी वाचलं असणार, पण उत्तर वहीत आलं आणि कारण त्या टॅबबरोबर बंद झालं.

म्हणून हा धागा. वहीतला, चिठ्ठीतला, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेला एखादा तुकडा इथे सांगा. अट एकच. कोड चिकटवायचा नाही, शब्दांत सांगायचा. एक तर इथलं एडिटर सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, आणि तो कोड कुणी टर्मिनलमध्ये डकवला की बोंब. दुसरं म्हणजे कशासाठी आहे, कुठे चालवून पाहिलाय, कुठे आपटतो हे सांगायला लागलं की आपल्याला काय माहीत नाही ते आपल्यालाच कळतं.

माझा तुकडा: फाइंडमध्ये डिलीट कायम शेवटी. त्याआधी एकदा डिलीटच्या जागी प्रिंट लावून यादी डोळ्यांखालून घालायची. यादी बघून घाम फुटला तर तिथेच थांबायचं.

(पुणेरी पाट्या आणि कोडमधल्या कॉमेंट यावरचे विनोद झाले आहेत. सगळे.)

---

सेमीकोलन | शनिवार, रात्री ११:०५

कोड शब्दांत म्हणजे फोनवरून पुरणपोळी लाटायला शिकवणं. पण तुमचा धागा, तुमचा नियम.

मी सगळं गिटहबच्या जिस्टमध्ये टाकतो, म्हणजे कोडचे तुकडे ऑनलाइन ठेवायच्या जागेत. २००८ पासून ही सोय आहे. बहुतेकांना माहीत नसतं की प्रत्येक जिस्ट हे आतून एक छोटं गिट रिपॉझिटरीच असतं. क्लोन करता येतं, जुन्या आवृत्त्या राहतात. वहीत खाडाखोड केली की आधीचं काय होतं ते दिसत नाही, इथे दिसतं.

आणि तीच गोम आहे. आमच्याकडे एकाने डेटाबेसचा पासवर्ड असलेली स्क्रिप्ट 'सीक्रेट' जिस्टमध्ये ठेवली होती. सीक्रेटचा अर्थ एवढाच की ते शोधात येत नाही. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडता येतं, लॉगिनही लागत नाही. कुणीतरी लक्षात आणून दिल्यावर त्याने पासवर्डची ओळ काढली आणि निवांत झाला. आधीच्या आवृत्तीत पासवर्ड तसाच! असं काही झालं तर आधी पासवर्ड बदला, मग साफसफाई करा. उलट क्रमाने नाही. (तुमच्या फाइंडसारखंच झालं हे.)

---

नवखा_पण_हौशी | शनिवार, रात्री ११:३०

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

अर्धा_र | रविवार, सकाळी ७:५०

माझा तुकडा मराठीचाच आहे, त्यामुळे इंग्रजी साइटवर कुणी लिहून ठेवलेला सापडला नाही. स्वतः ठेच खाऊन शिकलो.

एका ग्रंथालयाच्या सूचीचा शोध लिहीत होतो. 'दऱ्या' टाइप केलं की काही पुस्तकं येत, काही येत नसत. डोळ्यांना दोन्हीकडे शब्द हुबेहूब तोच. शेवटी प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापून पाहिला तेव्हा उलगडा झाला.

हा चंद्रकोरीसारखा अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, क्रमांक २००डी. कुठल्या कीबोर्डवरून टाइप केलं त्यावर ठरतं. पडद्यावर एकच, संगणकाला तीन वेगळे शब्द.

उपाय: पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या 'एनएफसी' सामान्यीकरणाने एक होतात. पायथॉनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये ते आहे, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगलाच नॉर्मलाइझ आहे. तिसरी तऱ्हा मात्र त्याला जुमानत नाही. ती हाताने बदलावी लागते: र, हलन्त, अदृश्य चिन्ह ही तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त.

आता कुठे आपटतो ते, कारण मी आपटलोय. पहिल्यांदा मी शहाणपणा करून सगळी अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकली. त्यामुळे 'दऱ्या'चं 'दर्या' झालं. डोंगरातली पुस्तकं समुद्रात! ते चिन्ह कचरा वाटतं, पण त्या शब्दात तेच अर्थ धरून असतं.

आणि बदल नोंदी साठवताना करा, शोधाच्या शब्दावरही करा. एकाच बाजूला केला तर जैसे थे.

---

सेमीकोलन | रविवार, सकाळी ९:१५

बरं, शब्द मागे घेतो. हे कोड बघून कळलं नसतं. एका ओळीची बदली दिसली असती फक्त.

---

उपमा_सांबार | रविवार, सकाळी ९:४०

अर्धा_र, तुमच्या सूचीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' एकत्र झाले असते तर सत्काराला कोण आलं असतं याचा विचार करतेय. दोघांनाही बोलवा, जेवण तरी चांगलं होईल.

---

आयटीतला_हमाल | रविवार, दुपारी १२:२०

हिंजवडीला रोज दीड तास बसमध्ये काढतो, तेवढ्यात मोबाईलवर नोट्स लिहितो. त्यातले क्रॉनचे (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीचे) दोन.

सर्व्हर जगाच्या प्रमाणवेळेवर असतो, आपण साडेपाच तास पुढे. क्रॉनमध्ये ९ लिहिलं तर रिपोर्ट दुपारी अडीचला येतो. सकाळी ९ ला हवा तर ३ वाजून ३० मिनिटं लिहायचं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे एकदा तरी चुकतात.

दुसरा कमी लोकांना माहीत असतो. फाइलच्या नावात आजची तारीख घालणारी एक कमांड एका सिनिअरने ग्रुपवर दिली होती. टर्मिनलमध्ये सुरेख चालली. क्रॉनमध्ये टाकली की बॅकअपच होईना. दोन दिवस परवानग्या तपासत बसलो. कारण काय, तर तारखेच्या साच्यात टक्क्याचं चिन्ह असतं, आणि क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे नवी ओळ! तिथे कमांड तुटते. प्रत्येक टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची, किंवा सरळ कमांड एका स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनमधून ती स्क्रिप्ट बोलवायची. मी दुसरं करतो.

सिनिअरचं काही चुकलं नव्हतं. त्याने टर्मिनलमध्ये चालवली होती, तसं सांगितलं नव्हतं एवढंच.

---

वायफळ | रविवार, दुपारी १:१०

कुठल्या जमान्यात आहात? एआयला विचारा, दोन सेकंदांत कमांड मिळते. वह्या कसल्या लिहिताय.

---

आयटीतला_हमाल | रविवार, दुपारी १:२५

विचारतो की. परवाच विचारलं, फाइलमधला एक शब्द सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने जागच्या जागी बदलायचा होता. लिनक्सवर चालणारं उत्तर आलं. माझा लॅपटॉप मॅक. तिथल्या सेडला जागच्या जागी बदलायच्या पर्यायापुढे बॅकअपची शेपटी द्यावीच लागते, नको असेल तर रिकामं अवतरण तरी. नाही दिलं तर पुढची कमांडच शेपटी समजून बसतं. मी मॅक म्हणालो नव्हतो, त्यामुळे त्यालाही दोष नाही. पण कुठे चालतं ते लिहिलेली नोट माझ्याकडे आधीपासून होती आणि मी ती न बघता त्याला विचारायला गेलो, याला काय म्हणायचं?

---

खराडीची_वही | रविवार, दुपारी ३:००

वायफळ, मीही वापरते. आलेलं उत्तर वहीत जाण्याआधी मी त्याला एकच विचारते: हे कुठे चालणार नाही? कधी कधी पहिल्या उत्तरापेक्षा ते दुसरंच उतरवण्यासारखं असतं.

---

कर्वेरोडकर | रविवार, सायंकाळी ६:३०

सेमीकोलन, तुमच्या जिस्टवरून गंमत आठवली. पुण्यात जिस्ट म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचं जिस्ट आठवतं. संगणकात बसवायचं कार्ड यायचं, त्यावर देवनागरी उमटायची. सी-डॅक पुण्यात १९८८ साली सुरू झालं, पुढे १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणही आलं. तरी छापखान्यांत आणि कार्यालयांत चालले ते वेगवेगळे फॉन्ट. प्रत्येकाचं कोष्टक निराळं. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला, एवढाच कारभार.

नंतर हा मजकूर युनिकोडमध्ये आणायची वेळ आली तेव्हा रूपांतराचे तुकडे फ्लॉपीवरून, मग पेनड्राइव्हवरून हातोहात फिरले. कोणी लिहिले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातला एक माझ्याकडे आला. 'किती' बरोबर यायचं, 'स्थिती' मोडायची.

कारण सांगतो. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. म्हणून वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते. तुकडा लिहिणाऱ्याने ती एक अक्षर पुढे नेली होती. 'किती'ला एवढं पुरतं. 'स्थिती'त मात्र तिने अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारायला हवी, नाहीतर ती अर्ध्या सच्या मानेवर बसते. रफाराचं याच्या नेमकं उलट. 'धर्म'मधला रफार तिथे शेवटी टाइप केलेला असतो आणि युनिकोडमध्ये तो र म्हणून मच्या आधी यावा लागतो. रफार असलेल्या अक्षराला काना किंवा मात्रा असेल तर तीही ओलांडून रफार मागे न्यायचा.

हे मी वहीत लिहून ठेवलं नाही. दहा वर्षांनी एका मित्राने तोच तुकडा 'कुठूनतरी मिळाला' म्हणून माझ्याकडे आणला. त्यात मी केलेली दुरुस्ती होती. का केली ते मला पुन्हा शोधावं लागलं! स्वतःच्याच कोडवर संध्याकाळ घालवली.

---

नवखा_पण_हौशी | रविवार, रात्री ८:१५

काका, भारी. मी अजून शिकतोय, पण माझा एक छोटा तुकडा देऊ का? आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा फॉर्म मी केलाय. एका आजोबांनी मोबाईल नंबर मराठी आकड्यांत भरला. फॉर्मने घेतला, पण मेसेज काही जाईना.

शोधल्यावर कळलं की पायथॉन ३ मध्ये 'अंक' शोधणारा रेग्युलर एक्सप्रेशनचा (मजकुरातले साचे शोधायच्या भाषेचा) संकेत देवनागरी अंकही धरतो. पूर्णांकात बदलायचं फंक्शनही १२३ हे मराठीत लिहिलेलं असलं तरी नीट वाचतं. जावासुद्धा वाचतं. जावास्क्रिप्ट मात्र ते 'आकडा नाही' म्हणून परत करतं. माझी तपासणी पायथॉनमध्ये होती म्हणून पास झाली, आणि मेसेज पाठवणाऱ्या सेवेला ते अंक समजले नाहीत.

आता साठवण्याआधी सगळे अंक इंग्रजीत करून घेतो. आजोबांना काही बोललो नाही.

---

अर्धा_र | रविवार, रात्री ८:४०

छान लिहिलंस. आणि आजोबांचं बरोबरच होतं.

---

उपमा_सांबार | रविवार, रात्री ९:३०

माझंही त्याच जातीचं. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाचं जे आहे ते पुरतं यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) नाही. एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतं. देवनागरीला तीनच लागतात, त्यामुळे आमचा तक्रारींचा फॉर्म वर्षभर मराठीत उत्तम चालला. आम्ही खूश, युनिकोड झालं म्हणून. मग कुणीतरी तक्रारीच्या मध्येच हात जोडल्याचा इमोजी टाकला. त्याला चार बाइट. इमोजीपासून पुढची सगळी तक्रार गायब! नमस्कार करून जो पुढे बोलला त्याचंच ऐकलं गेलं नाही.

'यूटीएफ८एमबी४' वापरायचं, २०१० सालच्या ५.५.३ पासून ते आहे. आणि फक्त टेबल बदलून भागत नाही, जोडणीचंही बदलावं लागतं. मी ते विसरले होते. सर्व्हर कडक मोडमध्ये असेल तर मजकूर न कापता सरळ एरर येते. खरं तर ते बरं.

---

सेमीकोलन | रविवार, रात्री १०:१०

कर्वेरोडकरांच्या फिरत्या तुकड्यावरून. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर जावाचा एक तुकडा आहे, बाइटचा आकडा माणसाला वाचता येईल असा छापणारा. २०१० मधलं उत्तर. २०१८ च्या एका अभ्यासात तो तिथला सर्वांत जास्त उचललेला जावा तुकडा निघाला, हजारो ठिकाणी पोचलेला. आणि २०१९ मध्ये तो लिहिणाऱ्यानेच जाहीर केलं की त्यात चूक आहे. ९,९९,९९९ बाइट दिले की '१.० एमबी'ऐवजी '१०००.० केबी' छापतो. त्याने मूळ उत्तर दुरुस्त केलं. पण ज्यांनी उचलून नेला त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोचणार कशी? बहुतेकांनी कुठून आणला तेही लिहिलेलं नव्हतं. खरं तर तिथल्या परवान्यानुसार श्रेय देणं बंधनकारक आहे.

मी परवाना वगैरे पाळणारा माणूस नव्हतो, पण त्यानंतर उचललेल्या प्रत्येक तुकड्यावर मूळ लिंक कॉमेंटमध्ये टाकायला लागलो. सहा महिन्यांनी बघायला जाता येतं, खाली कुणी 'हे मोडलंय' म्हणून ओरडलंय का.

---

वायफळ | रविवार, रात्री १०:४५

ठीक आहे, माझाही एक घ्या. पायथॉनमधून काढलेली मराठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. फाइल लिहिताना 'यूटीएफ-८-सिग' असं एन्कोडिंग द्या. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण बसते आणि एक्सेलला कळतं. आपटतो कुठे: तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला साध्या यूटीएफ-८ म्हणून दिलीत तर पहिल्या रकान्याच्या नावाला ती खूण चिकटते आणि 'नाव' नावाचा रकानाच सापडत नाही.

हे एआयने सांगितलं होतं. दुसरा भाग मला अनुभवाने कळला.

---

खराडीची_वही | रविवार, रात्री ११:१५

वायफळ, हे वहीत घेतलं. तुमच्या नावासकट.

चाकणवाल्या पोराला हा धागा पाठवला. त्याने आता स्वतःची फाइल सुरू केली आहे. पहिल्या पानावर माझीच कमांड, आणि खाली लाल अक्षरांत 'ताईंनी फोनवर सांगितलं तर आधी लिहून वाचून दाखवायचं'. मान्य.

---

नवखा_पण_हौशी | सोमवार, रात्री १२:२०

अर्धा_र सर, तुमची बदली सोसायटीच्या यादीवर चालवली. 'कुऱ्हाडे' दोनदा होते, ते एक झाले. पण 'ॲडव्होकेट' शोधलं की पाचातले दोनच वकील येतात. एनएफसी केलंय, ऱ सुद्धा केलाय.

---

अर्धा_र | सोमवार, सकाळी ६:५५

ते निराळं दुखणं. 'ॲ' हे २००डीवालं प्रकरण नाही. त्याला स्वतःचा क्रमांक आहे, ०९७२. पण बरेच जण अ लिहून त्यावर चंद्र देतात, म्हणजे ०९०५ आणि ०९४५. दिसायला सारखंच. एनएफसी या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे ही जोडीही हाताने बदलावी लागेल. अ आणि चंद्र जिथे जिथे लागून येतील तिथे ॲ.

तिघे वकील सापडले की सांग. आणि कुठल्या कीबोर्डवरून आले होते तेही विचार त्यांना, ते माझ्या नोटमध्ये अजून नाही.